देणाऱ्यानं मोजू नये

कार्तिक लागला की माझ्याकडं दोन गोष्टी एकदमच येतात. एक म्हणजे झोडलेल्या भाताचा वास. नसरापुरातून वेल्ह्याकडं वळलेल्या एसटीच्या खिडकीतून तो आत येतो, पेंढ्याचा, जरासा ओलसर, नाकात भुसकट गेल्यासारखा खाजवणारा. दुसरी म्हणजे ऑफिसच्या मेलमधली एक ओळ: ‘निष्पत्ती अर्ज भरण्यासाठी खुला झाला आहे.’ वासानं भूक लागते आणि त्या ओळीनं भूक मरते. गेल्या कार्तिकापासून तर दोन्हींनी भूक मरते.

मी नसरापूरच्या अलीकडं एका लहानशा संशोधन संस्थेत काम करते. संशोधन करत नाही. ज्यांना बाहेरून निधी मिळालाय अशा संशोधकांच्या मागं लागून, त्या निधीतून पुढं झालं काय, हे त्यांच्याकडून लिहून घेऊन निधी देणाऱ्यांकडं पोचवायचं, हे माझं काम. अर्ज ऑनलाईन असतो. रकाने ठरलेले, तारीख ठरलेली. तारीख चुकली तर पुढच्या वर्षाचं काम थांबतं. म्हणून मी आठवण करते, मग परत आठवण करते, मग जिन्यात गाठते.

मी बी.एस्सी. आहे, वनस्पतीशास्त्र, दुसरा वर्ग. लपवण्यासारखं त्यात काही नाही. आमच्या घराण्यातली ती पहिली पदवी. माझ्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, तो कागद प्लॅस्टिकात गुंडाळून भोरहून वेल्ह्यापर्यंत मांडीवर आणला होता आणि तिकीट काढताना कंडक्टरला दाखवला होता. कंडक्टर म्हणाला, “ह्याला हाफ का फुल?” आप्पा ते अजून सांगतात, आणि सांगताना स्वतःच आधी हसतात.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी संशोधकांना तलाठ्याला अर्ज करतात तशा मेल लिहीत असे. महोदय, सविनय, कृपा व्हावी. कुणी उत्तर देईना. दुसऱ्या वर्षी मी बोलते तशी लिहायला लागले. एका सरांनी पाच परिसंवादांची आणि तीन कार्यशाळांची यादी पाठवली, तेव्हा मी उलट लिहिलं, “सर, हे आपण केलं. यातून झालं काय, तो रकाना रिकामा आहे.” सर तावातावानं माझ्या टेबलापाशी आले. “तुम्हाला हे विचारायचा अधिकार कुणी दिला?” मी म्हटलं, “अर्जानं, सर.” ते गेले. पण दुसऱ्या दिवशी रकाना भरून आला.

केलं आणि झालं, या दोन गोष्टी वेगळ्या असतात हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. ते मला घरून माहीत होतं. लावणी केली म्हणजे भात झालं असं आमच्याकडं कुणी म्हणत नाही. म्हणूनच मला वाटायचं की या कामाला माझ्यासारखी मीच. तो माझा अभिमान होता, आणि पुढं जे झालं ते त्या अभिमानातूनच झालं.

मंजिरी मॅडमचं काम आमच्या खोऱ्यात चालू होतं, म्हणजे थेट माझ्या माहेरच्या गावात. मॅडम पुण्याच्या, भातावर डॉक्टरेट केलेल्या, उन्हात टोपी न घालता बांधावर दिवसभर उभ्या राहणाऱ्या. आठ घरं धरलेली. प्रत्येक घराची दोन खाचरं. एकात नेहमीसारखी लावणी, हाताला येईल तो रोपांचा जुडगा चिखलात खोवायचा. दुसऱ्यात दोरी लावून, अंतर राखून, दोन-दोन काड्याच. बियाणं एकच, इंद्रायणी. प्रश्न साधा होता: दोरीच्या खाचरात भात जास्त येतं का? निधी तीन वर्षांचा. आमचं घर त्या आठांतलंच एक.

आठही घरांची झोडणी एकाच आठवड्यात येते आणि मॅडमना एकाच वेळी आठ खळ्यांवर पोचणं शक्य नव्हतं. आकडे आणायचं मी अंगावर घेतलं. तेही कसं, तर मोठ्या ऐटीत. आमच्याकडं खळ्यावर रास पडली की तिला काटा लावत नाहीत. आधी पूजा होते, मग ज्याचं त्याचं काढून देतात, मग राहिलेलं पोत्यात भरून घरात आणतात. हे मॅडमना मीच सांगितलं. म्हटलं, “तुम्ही काही काळजी करू नका. लोकांना न दुखवता मी पोती घरात आल्यावर मोजीन. दोरीची वेगळी, जुन्याची वेगळी.” मॅडमनी पहिल्या वर्षीच्या अहवालात लिहिलं होतं की स्थानिक रीतीचा मान राखून माहिती घेतली. ते वाक्य मी आप्पांना फोनवर वाचून दाखवलं होतं.

पहिल्या वर्षी दोन्हींत फारसा फरक निघाला नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. मॅडमना नवल वाटलं, कारण उभ्या पिकात फरक डोळ्यांना दिसत होता. पण आकडा तो आकडा. दोन वर्षं त्यांनी अर्जात लिहिलं, लक्षणीय फरक आढळला नाही. तो अर्ज माझ्या हातानं पुढं गेला.

तिसऱ्या वर्षी, म्हणजे गेल्या कार्तिकात, मी ठरल्यापेक्षा एक दिवस आधी माहेरी गेले. सुट्टी जोडून आली होती, एवढंच कारण. खळ्यावर दोन राशी पडल्या होत्या. तोरण्याच्या अंगाला ऊन कलत होतं. आप्पा पेंढा रचत होते, आई सूप घेऊन उकिडवी बसली होती आणि मी बऱ्याच वर्षांनी नुसती बघत बसले होते. लग्न होऊन भोरला गेल्यापासून मी रास उचलताना कधी हजर नव्हते.

आईनं पायली घेतली. पहिली देवाची. मग गुरवाची. मग लोहाराची. मग बियाण्याचं कणगीत. मग कापायला आलेल्या बायकांचं. मग एका पांढऱ्या पिशवीत भरायला लागली, ते माझं, लेकीचं. सगळी मापं ती एकाच राशीतून उचलत होती. मी सहज विचारलं.

“आई, ह्याच राशीतलं का काढतीस?”

“ही दोरीची न्हवं का. दाना बघ की कसा भरलाय.”

“आन् ती?”

“ती खायाला ऱ्हाईल घरात. देवाला का पोचट घालायचं?”

“दरसाल ह्यातलंच काढती?”

“मग?”

“बाकीची घरं?”

“समदीच. का गं? त्वांड का असं केलंस?”

दोन्ही राशी जवळपास सारख्याच असं मी जे दोन वर्षं मोजत आले होते, ते काय होतं? जुन्या खाचराचं सगळं आणि दोरीच्या खाचराचं उरलेलं. जे जास्त आलं होतं ते देवाकडं, गुरवाकडं, सासरी गेलेल्या पोरींकडं चालून गेलं होतं. माझ्या स्वयंपाकघरात शिजलं होतं. दोन वर्षं मी मॅडमचा निकाल वरणाबरोबर खाल्ला होता.

आणि कुणी खोटं बोललं नव्हतं. मी घरोघरी विचारलं होतं, “मामी, दोरीचं किती झालं?” त्यांनी पोत्यांकडं बोट दाखवलं होतं. दिलेलं आपलं नसतं, मग ते झालं म्हणून कसं सांगायचं? माझ्या आईला कुणी विचारलं असतं तर तिनंही हेच सांगितलं असतं. खरं म्हणजे मलाही कुणी विचारलं असतं तर मीही.

परतताना एसटीत मला खिडकी मिळाली होती, तरी बाहेरचं काही दिसलं नाही. डोक्यात एकच चक्र. मॅडमना सांगायचं कसं? सांगितलं नाही तर? कुणाला कळणार होतं? पुण्यातल्या माणसाला गुरवाची पायली माहीत नाही आणि खोऱ्यातल्या माणसाला अर्ज माहीत नाही. दोन्ही माहीत असणारी जगात मी एकटी. आजवर हीच माझी मिरवायची गोष्ट होती. त्या दिवशी तीच मला नकोशी झाली. नोकरी जाईल ही भीती होतीच, पण त्याहून मोठी दुसरी होती. लोक म्हणतील, पदवी घेतली आणि भात मोजता येईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मॅडमच्या खोलीत गेले आणि उभ्यानंच सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“तुला माहीत होतं हे? की आधी काढून देतात?”

“माहीत होतं. पण हे सांगायचं असतं हे माहीत नव्हतं.”

चष्मा पुसत त्या म्हणाल्या, “हे बघ वनिता. यंदाचं नीट करू. शेवटच्या वर्षाचा आकडा सर्वांत महत्त्वाचा असतो. मागचं उकरून काढण्यात अर्थ नाही.”

मी हो म्हणणार होते. खरंच सांगते, हो माझ्या ओठांवर आलं होतं. त्यात माझी सुटका होती. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. “मॅडम, दोन वर्षं फरक नाही आणि यंदा एकदम आहे, असं वाचल्यावर निधी देणारे यंदाचं तरी का खरं मानतील?”

“म्हणजे मी त्यांना लिहू, की माझे दोन वर्षांचे आकडे टाकाऊ आहेत?”

“माझे म्हणून लिहा. मीच आणले होते.”

“अहवालावर सही माझी आहे,” त्या म्हणाल्या. मग चष्मा घातला आणि समोरचा कागद वाचायला लागल्या, म्हणजे मी जावं.

दोन दिवस मॅडम माझ्याशी बोलल्या नाहीत. त्या दोन दिवसांत मी बाकीच्या संशोधकांना नेहमीच्या आठवणी पाठवत होते. ‘कृपया माहिती अचूक असल्याची खात्री करावी.’ हे वाक्य माझंच, दरवर्षीचं. टाईप करताना बोटं अडखळायची. नवरा म्हणाला, “जेव तरी.” डब्यात इंद्रायणीच होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मॅडमचा फोन आला. नमस्कार नाही, काही नाही. “मागच्या दोन वर्षांचं दिलेलं भात आता कळेल का?”

“नाही. खाल्लं गेलं.”

“मग माहीत नाही असं लिहू. आणि यंदाचं? बाकीच्या घरांनीही वाटून टाकलं असेल.”

“असेल,” मी म्हटलं, “पण वाटलेलं अजून कुठंतरी असेल.”

मी परत गाव गाठलं. आईला म्हटलं, कुणाला किती पायल्या दिल्या ते आठवून सांग. ती अशी मागं सरली जणू मी तिच्या हाताला चटका दिला. “देनाऱ्यानं मोजू न्हाई, वने. दिलेलं त्वांडानं बोललं की दिल्यात जमा ऱ्हात न्हाई.” आप्पा उठून पेंढ्याकडं गेले. घरोघरी तीच गत. मी देवळाच्या पायरीवर येऊन बसले. तिथं गुरवमामा पितळी समई घासत होते. त्यांना सगळं सांगितलं, म्हणजे रडतच सांगितलं.

मामा म्हणाले, “देनाऱ्यानं मोजू न्हाई, खरंय. पर घेनाऱ्यानं मोजू न्हाई असं कुठं सांगितलंय?”

मी डोळे पुसले.

“म्या तर दरसाल मोजतो. कोन कसा हात आखडतोय ते कळाय नगं?”

“मग मामा, मागच्या सालचं सांगा की.”

“मागल्या सालचं आता देवालाच ठावं. यंदाचं आत पडलंय, काटा लाव.”

पुढचे चार दिवस मी आयुष्यात कधी केले नसतील इतके फोन केले. आठ घरांच्या लेकी कुठं कुठं दिलेल्या. वरवे बुद्रुकची शालन दुकानाच्या काट्यावर पिशवी ठेवून तिचा फोटो पाठवते, तर त्यात आकड्यापेक्षा तिचा अंगठाच मोठा. “अगं शाले, अंगठा काढ.” “काढला तर पिशवी पडती बाई.” नसरापूरच्या एकीच्या सासूला संशय आला की माहेरचे आता परत मागतायत का. तिला मी स्वतः जाऊन सांगितलं. लोहाराच्या सुनेनं पायलीनंही मोजलं आणि काट्यावरही, आणि दोन्हींचा मेळ बसेना म्हणून तीनदा मोजलं. कापणीच्या बायकांनी आपापली गाठोडी देवळापुढं आणून ओळीनं ठेवली, आणि कुणाचं जास्त यावरून जे बोलणं झालं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पानशेतच्या सुमनचं तेवढं हुकलं. तिचं जेवणाचं हॉटेल आहे. “लगेच भरडून आनलं गं, रविवारी पावने आले, ताटात गेलं समदं. अर्धं पोतं व्हतं बघ. लिही अर्धं.”

“अर्धं म्हणजे किती, सुमे?”

“अर्धं म्हंजे अर्धं.”

मी तिच्या नावापुढं लिहिलं, माहीत नाही. ते दोन शब्द लिहिताना मला आधी लाज वाटली. नंतर वाटलं, इतकी वर्षं मी सगळ्या सरांच्या मागं लागत होते आणि एकाच्याही अर्जात हे दोन शब्द कधी वाचले नव्हते.

बेरीज केली. सुमनचं न धरताही यंदा दोरीची रास जास्त होती. मागची दोन वर्षंही असेल, पण ते आता कुणीच सांगू शकत नव्हतं.

मॅडम आणि मी शेजारी बसून अर्ज भरला. आधी पाठवलेले आकडे चुकीचे होते हे लिहायला त्यात रकानाच नव्हता. शेवटी ‘अन्य काही’ म्हणून एक चौकट होती, ठरावीक अक्षरांची. आम्ही त्यात चूक बसवत होतो. मॅडम एक शब्द काढायच्या, मी एक घालायचे. “खेद वाटतो” काढलं, जागा पुरेना. “मागील दोन वर्षांचे आकडे ग्राह्य धरू नयेत” ठेवलं. बटण त्यांनी दाबलं. मग म्हणाल्या, “मी विचारलंच चुकीचं होतं. किती झालं, एवढंच.” मी म्हटलं, “तो प्रश्न माझ्याच तोंडून गेला होता.” मग दोघींनी चहा घेतला.

मग वर्षभर काही नाही. ‘आपली माहिती जमा झाली आहे’ एवढं यंत्रानं पाठवलेलं एक वाक्य. मॅडमनी पुढच्या कामासाठी अर्ज केला होता. त्यापुढं महिनेच्या महिने ‘विचाराधीन’ लिहिलेलं. त्यावर अवलंबून असलेली माझी नोकरीही विचाराधीनच म्हणायची. मी तो शब्द दिवसातून किती वेळा उघडून पाहिला असेल.

आणि या कार्तिकात, भाताचा वास यायला लागला त्याच आठवड्यात, निधी देणाऱ्यांकडून एक प्रश्न आला: ‘दिले गेलेले धान्य एकाच राशीतून काढले गेले, याचे कारण स्पष्ट करावे.’ मुदत थोडीच. मॅडमनी मसुदा केला, मीही केला. त्यात ‘सामाजिक-सांस्कृतिक घटक’ आलं, ‘निवडीचा कल’ आला. वाचलं की वाटायचं, आपण काहीतरी लपवतोय. मसुदा तसाच पिशवीत घालून, वर लटकता काटा ठेवून, परवा मी गावी गेले. निधी संपला तरी घरांनी दोरी सोडली नव्हती आणि आम्ही मोजणं.

या वर्षी आईनं राशीची पूजा केली, मापं काढली, आणि प्रत्येक पिशवी घेणाऱ्याच्या हातात देऊन बाजूला झाली. ज्यानं त्यानं माझ्या काट्याला लावली. आता ते कुणाला वावगं वाटत नाही. गुरवमामा तर लांबूनच ओरडले, “आला का गं काटा?” शेवटी आईनं माझी पिशवी माझ्यापुढं ठेवली. “मोज. तुझं हाय.”

मी उचलली तर दरवर्षीपेक्षा जड. तेवीस किलो.

“आई, हे जास्त आहे.”

“कागदावर जातंय म्हन्लं. तिथं कमी कशाला दिसायचं?”

मला हसू आलं आणि घाबरायलाही झालं. मग बोटांवर हिशेब केला. तिनं मला जास्त दिलं तर घरात तेवढं कमी राहील, बेरीज तीच. फक्त एक बघायचं राहिलं.

“कुठल्या राशीतलं भरलंस?”

आईनं माझ्याकडं असं बघितलं, जणू पदवी घेतलेली ती मी नव्हेच. “आसं काय इचारतीस? देवाला आन् लेकीला चांगल्यातलंच देत्यात.”

मी तिथंच खळ्यावर मोबाईल काढला. रेंज एका कोपऱ्यात येते, पेंढ्याच्या उडवीपाशी. मसुदा पुसला आणि लिहिलं: देवाला आणि लेकीला चांगल्यातलं द्यायचं असतं, म्हणून. मॅडमना पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, “एवढंच?” मी लिहिलं, “एवढंच आहे.” पुष्कळ वेळानं दोन खुणा निळ्या झाल्या. मग एक शब्द, “पाठवलं.”

निधी देणाऱ्यांनी ते मानलं की नाही, हे मला हे लिहीपर्यंत कळलेलं नाही.

संध्याकाळच्या एसटीत गर्दी होती. पांढरी पिशवी मी मांडीवर घेतली तर पाय बधिर झाले, म्हणून खाली ठेवली. कंडक्टर तिकिटाचं मशीन घेऊन आला, पायानं पिशवी जराशी ढकलून बघितली.

“भात का? किती किलो?”

“तेवीस.”

“तेवीस म्हटलं तर लगेज फाडावं लागंल, ताई. पंधरा म्हणायचं की. मी काय काटा घेऊन फिरतोय?”

“मी फिरते,” मी म्हटलं, आणि सुटे पैसे पुढं केले.